कनेक्ट होताच कोसळणारा क्लायंट: पोस्टग्रेसच्या एका अडचणीची तपासणी

प्रश्नाचा आशय असा आहे. मॅकवर पायथनमध्ये लिहिलेला एक वेब प्रोग्रॅम चालतो आणि तो त्याच यंत्रावरच्या पोस्टग्रेस १६ या डेटाबेस सर्व्हरला 'लोकलहोस्ट' या पत्त्याने जोडला जातो. टर्मिनलमधून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसबरोबर येणारा क्लायंट) चालवले तर कनेक्शन लगेच मिळते. प्रोग्रॅमची मुख्य प्रोसेसही नीट सुरू होते; पण तिने कामासाठी काढलेली वर्कर प्रोसेस पहिल्यांदा डेटाबेसकडे गेली की कोणताही एरर न देता मरते आणि लॉगमध्ये 'सिग्नल ११' एवढीच नोंद राहते. पासवर्ड बदलून झाला, कोणाला कसे आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या एचबीए फाइलमध्ये 'ट्रस्ट' लिहून झाले, पोस्टग्रेस पूर्ण काढून पुन्हा बसवून झाले, तरी फरक पडलेला नाही. हाच कोड लिनक्सवर मात्र विनातक्रार चालतो.

कारणाकडे वळण्याआधी एक काम कृपया आत्ताच करा: एचबीए फाइलमधली 'ट्रस्ट'ची ओळ काढून तिथे पूर्वीची, पासवर्ड तपासणारी स्क्रॅम पद्धत परत लिहा आणि सर्व्हरला सेटिंग पुन्हा वाचायला लावा. 'ट्रस्ट' असताना त्या ओळीत बसणाऱ्या पत्त्यावरून येणारा कोणीही पासवर्डाशिवाय, अगदी सुपरयूझर म्हणूनसुद्धा, आत येऊ शकतो. तपासणीच्या घाईत केलेला हा बदल पुढे विसरला जातो आणि महिनोन्‌महिने तसाच राहतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. शिवाय या अडचणीत त्याचा उपयोग होण्याची शक्यताच नव्हती.

उपयोग का नव्हता, हे नीट समजून घेतले तर पुढची अर्धी तपासणी वाचते. कनेक्शन नाकारले जाणे आणि क्लायंट कोसळणे या दोन पूर्णपणे वेगळ्या घटना आहेत. पासवर्ड चुकला, पोर्ट बंद असला, फायरवॉल आडवी आली, एचबीए फाइलमध्ये तुमच्यासाठी ओळच नसली, तर सर्व्हर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम 'नाही' म्हणते, तो नकार क्लायंटपर्यंत पोहोचतो आणि क्लायंट तो तुम्हाला वाचण्याजोग्या वाक्यात सांगतो. सिग्नल ११ चा अर्थ मात्र असा की, क्लायंटच्याच प्रोसेसमधल्या कोणत्या तरी कोडने आपल्या मालकीची नसलेली मेमरी वाचली किंवा लिहिली आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ती प्रोसेस जागीच संपवली. सर्व्हरने कितीही विचित्र उत्तर पाठवले तरी ते उत्तर वाचताना न कोसळणे ही क्लायंटच्या कोडची जबाबदारी असते. म्हणून सर्व्हर पुन्हा बसवणे, पासवर्ड बदलणे, वापरकर्त्याचे अधिकार वाढवणे हे सगळे बाजूला ठेवा. शोध एकाच प्रोसेसच्या आत घ्यायचा आहे.

प्रोसेस कशाने मेली, हेही आधी पक्के करून घ्यावे. शेलमध्ये तिचा परतीचा आकडा १२८ आणि सिग्नलचा क्रमांक यांची बेरीज असतो. १३९ दिसला तर सिग्नल ११, म्हणजे मेमरीचे उल्लंघन. १३४ असेल तर सिग्नल ६, म्हणजे कोणत्या तरी लायब्ररीने धोका ओळखून प्रोसेस स्वतःहून थांबवली आहे, आणि अशा वेळी एररच्या प्रवाहात बहुधा एखादे वाक्य उमटलेले असते. १३७ असेल तर सिग्नल ९, म्हणजे प्रोसेस बाहेरून मारली गेली. लिनक्सवर त्यामागे पुष्कळदा मेमरी संपलेली असते आणि त्याचा डेटाबेसच्या लायब्ररीशी काहीही संबंध नसतो. तुमच्याकडे ११ आहे, म्हणून आपण त्याच वाटेने जाऊ.

आता 'कनेक्ट होणे' या एका क्रियेच्या आत काय काय घडते ते पाहू. पायथनमधला सायकोपीजी२ हा ड्रायव्हर स्वतः सर्व्हरशी बोलत नाही. तो सी भाषेतल्या लिबपीक्यू या लायब्ररीला काम देतो. पीएसक्यूएलही तेच करते. लिबपीक्यू आधी कनेक्शनचे पर्याय, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि पासवर्डची फाइल वाचते. मग यंत्राच्या नावावरून पत्ता शोधते, सॉकेट उघडते आणि टीसीपी कनेक्शन जोडते. त्यानंतर, लायब्ररी तशी बांधलेली असेल तर, या वापरकर्त्याकडे कर्बेरॉसचे, म्हणजे संस्थांच्या नेटवर्कवर ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेचे, ओळखपत्र आहे का हे ती यंत्रालाच विचारते; असल्यास सर्व्हरकडे त्यावर आधारलेले जीएसएस पद्धतीचे एन्क्रिप्शन मागते. ते नसेल तर ८ बाइटची एक छोटी विनंती पाठवून टीएलएसबद्दल, म्हणजे वेबवर वापरतात त्या एन्क्रिप्शनबद्दल, विचारते, आणि सर्व्हरकडून एका अक्षरात होकार किंवा नकार येतो. होकार असेल तर टीएलएसचे काम करणारी ओपनएसएसएल लायब्ररी कामाला लागते. एवढे झाल्यावर वापरकर्त्याचे आणि डेटाबेसचे नाव सर्व्हरकडे जाते, ओळख पटवली जाते आणि अखेर सर्व्हर 'तयार' असल्याचे कळवतो.

या क्रमात बाहेरची लायब्ररी कुठे कुठे येते ते बघा: पत्ता शोधताना ऑपरेटिंग सिस्टिमची, जीएसएसच्या वेळी कर्बेरॉसची, टीएलएसच्या वेळी ओपनएसएसएलची. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून तोपर्यंत या लायब्ररींच्या कोडला कोणी हातही लावलेला नसतो. म्हणूनच प्रोग्रॅम तासभर सुरळीत चालतो आणि कनेक्शनच्या क्षणी मरतो. तो क्षण डेटाबेसचा वाटतो, पण खरे तर तो या परक्या लायब्ररींना पहिल्यांदा जाग येण्याचा क्षण असतो. माझ्या अनुभवात कनेक्ट होताना होणाऱ्या क्रॅशचे मूळ बहुतेक वेळा याच तीन जागांपैकी एकीत सापडते.

यातल्या कोणत्या पायरीवर प्रोसेस मरते हे सर्व्हरचा लॉग सांगू शकतो. पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची नोंद करणारे सेटिंग चालू करा. टीसीपी कनेक्शन येताच 'कनेक्शन मिळाले' अशा अर्थाची एक ओळ लिहिली जाते. १४व्या आवृत्तीपासून ओळख पटल्यावर आणखी एक ओळ येते, आणि प्रवेश मंजूर झाल्यावर शेवटची ओळ येते, जिच्यात टीएलएस वापरले असल्यास त्याची आवृत्तीही असते. एकही ओळ नसेल तर क्लायंट सर्व्हरपर्यंत पोहोचलाच नाही, म्हणजे पत्ता शोधताना किंवा त्याआधी मेला. पहिली ओळ आहे आणि पुढची नाही, तर जीएसएस, टीएलएस किंवा ओळख पटवण्याच्या पायरीवर मेला. सगळ्या ओळी असतील तर कनेक्शन पूर्ण झाले होते आणि दोष पुढच्या कोडमध्ये आहे. सर्व्हरचा एवढाच उपयोग या तपासणीत आहे, आणि तो मोलाचा आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीतला सर्वांत बोलका भाग म्हणजे पीएसक्यूएल चालते आणि मुख्य प्रोसेसही चालते, पण वर्कर मरतो. पीएसक्यूएल चालते यावरून लोक 'लायब्ररी ठीक आहे' असा निष्कर्ष काढतात. तो इथे फसवा ठरतो. पीएसक्यूएल ही शेलने नव्याने सुरू केलेली स्वतंत्र प्रोसेस आहे. तुमचा वर्कर मात्र मुख्य प्रोसेसमधून फोर्क करून (चालू प्रोसेसचीच प्रत बनवून) काढला जातो आणि त्यानंतर नवा प्रोग्रॅम लोड न करता तोच कोड पुढे चालवतो. गनिकॉर्न हा वेब सर्व्हर आणि सेलरी ही पार्श्वभूमीची कामे चालवणारी प्रणाली यांची नेहमीची पद्धत हीच आहे. फोर्क केल्यावर बाळ-प्रोसेसला पालकाच्या मेमरीची हुबेहूब प्रत मिळते, पण पालकाच्या अनेक थ्रेडपैकी (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या धाग्यांपैकी) फक्त फोर्क करणारा एकच थ्रेड पुढे येतो. बाकीच्या थ्रेडांनी घेतलेली लॉक त्या प्रतीत लागलेलीच राहतात: घर वाटणीत मिळावे, पण ज्याच्याकडे किल्ली होती तो माणूसच बरोबर येऊ नये, तसे. म्हणूनच युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीचे पॉझिक्स हे मानक सांगते की, अनेक थ्रेड असलेल्या प्रोसेसने फोर्क केल्यावर बाळ-प्रोसेसने नवा प्रोग्रॅम लोड करेपर्यंत अगदी मोजकी, सुरक्षित म्हणून ठरवलेली फंक्शनेच वापरावीत.

लिनक्सवर हा नियम मोडला तरी बहुतेक वेळा निभावून जाते. मॅकओएसवर निभावत नाही, कारण तिथल्या सिस्टिम लायब्ररी आपले काम पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांना माख पोर्टमार्फत (मॅकवर प्रोसेसनी एकमेकींशी बोलण्याच्या वाटांनी) सांगतात आणि ही पोर्ट फोर्कबरोबर बाळ-प्रोसेसकडे येत नाहीत. २०१७ च्या हाय सिएरा या मॅकओएसच्या आवृत्तीपासून ॲपलने ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेच्या रनटाइममध्ये फोर्कनंतरच्या अशा वापरावर पहाराही बसवला आहे. तो धोका दिसला की प्रोसेस मुद्दाम थांबवतो.

आता पोस्टग्रेसकडे येऊ. ३ ऑक्टोबर २०१९ रोजी आलेल्या १२व्या आवृत्तीत लिबपीक्यूला जीएसएस पद्धतीच्या एन्क्रिप्शनची सोय मिळाली आणि तिचा पर्याय मुळातच 'जमल्यास वापर' असा ठेवला गेला. त्यामुळे तुम्ही आयुष्यात कधी कर्बेरॉस वापरले नसले, तरी तशी बांधलेली लिबपीक्यू प्रत्येक नव्या टीसीपी कनेक्शनच्या वेळी 'ओळखपत्र आहे का' असे विचारते. लिनक्सवर या प्रश्नाचे उत्तर सहसा एखादी फाइल बघून किंवा कर्नलच्या किरिंगमधून (किल्ल्यांच्या साठ्यातून) मिळते. मॅकवर तोच प्रश्न कर्बेरॉसच्या लायब्ररीतून ॲपलच्या सिस्टिम फ्रेमवर्ककडे जातो, ते फ्रेमवर्क पार्श्वभूमीच्या सेवेशी बोलू पाहते, आणि फोर्क झालेल्या प्रोसेसमध्ये तिथेच मेमरीचे उल्लंघन होते. वर्कर मॅकवर मरतो, लिनक्सवर जगतो. फोर्क केलेल्या प्रोसेसमध्ये मरतो, पीएसक्यूएलमध्ये जगतो. सर्व्हर बदलून फरक पडत नाही. तुमची तिन्ही निरीक्षणे या एका कारणात बसतात. ही अडचण केवळ पायथनची नाही. रूबी भाषेच्या पीजी या पोस्टग्रेस लायब्ररीसह फोर्क करणारे वेब सर्व्हर वापरणाऱ्यांनाही ती याच स्वरूपात भेटली आहे.

तरीही निरीक्षणे जुळली म्हणून थांबू नका. पुरावा हातात घ्या. मॅकच्या कन्सोल या ॲपमध्ये क्रॅश रिपोर्ट असतात. तेच तुमच्या होम फोल्डरमधल्या लायब्ररी, त्यातल्या लॉग्ज आणि त्यातल्या डायग्नॉस्टिक रिपोर्ट्स या फोल्डरमध्येही सापडतात. वर्कर मेल्याच्या वेळेचा रिपोर्ट उघडा. त्यात वरच्या भागात प्रोसेस फोर्कच्या बाळाच्या बाजूला, नवा प्रोग्रॅम लोड होण्याआधी कोसळल्याचा स्पष्ट उल्लेख असतो का ते पाहा. मग कोसळलेल्या थ्रेडची फंक्शनांची यादी खालून वर वाचत जा. आधी पायथनची फंक्शने दिसतील, मग सायकोपीजी, मग लिबपीक्यू. त्याच्या वर जीएसएस किंवा केआरबी५ (कर्बेरॉस) नावाने सुरू होणारी फंक्शने आणि सर्वांत वर ॲपलच्या फ्रेमवर्कची नावे असतील, तर निदान झाले. लिबपीक्यूच्या वर ओपनएसएसएलची नावे असतील, तर हे कारण सोडून द्या आणि पुढे टीएलएसबद्दल लिहिले आहे ते वाचा. पत्ता शोधणाऱ्या फंक्शनातच शेवट असेल, तर मूळ दोष तोच, फोर्कचा, पण जागा वेगळी. तिथे 'लोकलहोस्ट' ऐवजी १२७.०.०.१ लिहून पाहिल्यास लगेच फरक कळतो.

पायथनच्या बाजूने कोणती ओळ चालू होती हे हवे असेल तर फॉल्टहँडलर हे मॉड्यूल चालू ठेवा. ते ३.३ पासून पायथनबरोबरच येते, आणि मेमरीच्या उल्लंघनाच्या क्षणी प्रत्येक थ्रेड पायथनच्या कोणत्या ओळीवर होता ते एररच्या प्रवाहात लिहून ठेवते. सी भाषेच्या आतले ते दाखवत नाही, म्हणून ते क्रॅश रिपोर्टची जागा घेत नाही. पण वर्करने कनेक्शन नेमके कोणत्या वाटेने मागितले हे त्यातून समजते.

आणखी एक चाचणी आहे, जी मला फार आवडते, कारण तिला काहीही बसवावे लागत नाही. कनेक्शनमधून यंत्राचे नाव काढून टाका, म्हणजे लिबपीक्यू टीसीपीऐवजी युनिक्स सॉकेटने, म्हणजे त्याच यंत्रावरच्या एका फाइलमार्फत, जोडली जाईल. युनिक्स सॉकेटवर जीएसएस एन्क्रिप्शनचा उपयोगच नसल्यामुळे आताच्या आवृत्त्यांतली लिबपीक्यू तिथे ओळखपत्राचा प्रश्न विचारत नाही. सॉकेटने वर्कर जगला आणि १२७.०.०.१ ने मेला, तर कारण जवळजवळ ठरले.

उपाय एका ओळीचा आहे. कनेक्शनच्या पर्यायांत जीएसएस, एन्क आणि मोड ही तीन अक्षरजुळणी सलग, रोमन छोट्या लिपीत लिहून तयार होणारा पर्याय द्या आणि त्याची किंमत 'डिसेबल' ठेवा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनही हेच करता येते. तिथे तेच नाव मोठ्या लिपीत, आधी पीजी लावून लिहायचे. मी मात्र तो पर्याय कनेक्शनच्या पर्यायांतच लिहा असे सुचवतो. जँगोमध्ये तो डेटाबेसच्या 'ऑप्शन्स'मध्ये जातो, एसक्यूएलअल्केमीमध्ये इंजिन तयार करताना कनेक्शनच्या अर्ग्युमेंटांत. याचे कारण साधे आहे: टर्मिनलच्या प्रोफाइल फाइलमध्ये लिहिलेले व्हेरिएबल लाँचडी किंवा क्रॉन या ठरलेल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सेवांमधून सुरू होणाऱ्या प्रोसेसला मिळत नाही, आणि मग 'माझ्याकडे चालते, रात्रीच्या कामात मरते' अशी नवी तक्रार सुरू होते.

यामुळे सुरक्षितता कमी होते का, हा रास्त प्रश्न आहे. या पर्यायाने फक्त जीएसएस पद्धतीचे एन्क्रिप्शन बंद होते. टीएलएसला धक्का लागत नाही. तुमच्या ठिकाणी कर्बेरॉस नसेल तर तुम्ही काहीही गमावत नाही. खात्रीसाठी कनेक्शन झाल्यावर पीजी-स्टॅट-एसएसएल आणि पीजी-स्टॅट-जीएसएसएपीआय हे दोन व्ह्यू पाहा. सर्व्हरवर टीएलएस चालू केलेले असेल तर पहिल्यात ते तुमच्या कनेक्शनसमोर दिसले पाहिजे. सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर असेल तर टीएलएसचा पर्याय 'व्हेरिफाय-फुल' ठेवा, कारण मूळचा 'प्रिफर' हा पर्याय सर्टिफिकेटची खातरजमा करत नाही. कार्यालयात कर्बेरॉस खरोखरच वापरात असेल तर मात्र हा उपाय अपुरा पडेल: एन्क्रिप्शन बंद केले तरी ओळख पटवण्यासाठी सर्व्हरने जीएसएस मागितल्यास तीच लायब्ररी पुन्हा जागी होईल आणि वर्कर एका पायरीने उशिरा मरेल. अशा ठिकाणी फोर्कच टाळावा लागतो. पायथनच्या मल्टिप्रोसेसिंगने मॅकवर ३.८ पासून, याच प्रकारच्या क्रॅशमुळे, फोर्कऐवजी स्पॉन (नवी प्रोसेस कोरी सुरू करणारी) ही पद्धत मूळ म्हणून स्वीकारली आहे. पण गनिकॉर्न आणि सेलरी आपला फोर्क स्वतः करतात, त्यामुळे पायथनची आवृत्ती वाढवून तुमची सुटका होणार नाही. विकासाच्या यंत्रावर सेलरीचा एकाच प्रोसेसमध्ये चालणारा 'सोलो' पूल वापरणे किंवा सगळा प्रोग्रॅम लिनक्सच्या कंटेनरमध्ये चालवणे, हे दोन मार्ग मला व्यवहार्य वाटतात.

या अडचणीवर एक वेगळाच सल्ला सर्रास दिला जातो: ऑब्जेक्टिव्ह-सीचा फोर्कविषयीचा पहारा एका व्हेरिएबलने बंद करा. कृपया तसे करू नका. तो पहारा मूळ दोष घडवत नाही, तो धोका दाखवतो. तो बंद केल्यावर प्रोग्रॅम कधी चालेल, कधी अडकून बसेल, कधी भलत्याच जागी मरेल, आणि पुढच्या वेळी तुमच्या हातात आजच्याइतका स्वच्छ क्रॅश रिपोर्टही नसेल. कारण ठाऊक असताना लक्षण झाकण्याचे काही प्रयोजन नाही.

फोर्कचाच विषय निघाला आहे म्हणून त्याला लागून असलेली एक गोष्ट सांगतो, जी लिनक्सवरही लागू आहे. मुख्य प्रोसेसमध्ये उघडलेले कनेक्शन फोर्कनंतर वर्करमध्ये कधीही वापरू नये. दोन प्रोसेस एकाच सॉकेटवर, एकाच टीएलएस सत्राच्या दोन प्रतींनी बोलू लागल्या की डिक्रिप्शन फसल्याचे एरर येतात, एकाच्या क्वेरीचे उत्तर दुसऱ्याला जाते, आणि हे सगळे बहुधा भार वाढल्यावरच दिसते. प्रत्येक वर्करने आपले कनेक्शन फोर्क झाल्यानंतर उघडावे. प्रोग्रॅम सुरू होतानाच मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर डेटाबेसला जोडणारा कोड असेल तर तो आधी तिथून हलवा.

आता क्रॅश रिपोर्टमध्ये ओपनएसएसएलची नावे दिसली तर काय, ते पाहू. लिनक्सवर कनेक्ट होताना कोसळणाऱ्या पायथन प्रोग्रॅमांत मला हेच कारण जास्त भेटले आहे. एका प्रोसेसमध्ये ओपनएसएसएलच्या दोन प्रती येतात: पायथनच्या एसएसएल मॉड्यूलने आणलेली सिस्टिमची प्रत आणि ड्रायव्हरच्या तयार पॅकेजमध्ये बांधून आलेली दुसरी प्रत. २०१७ मध्ये सायकोपीजी२ ची २.७ ही आवृत्ती अशा तयार बायनरी पॅकेजसह आली, आणि एकाच वेळी अनेक थ्रेडांतून कनेक्शन उघडणाऱ्यांचे प्रोग्रॅम कोसळू लागले. म्हणून २.७.४ पासून बायनरी पॅकेजला 'सायकोपीजी२-बायनरी' असे वेगळे नाव देण्यात आले, आणि २.८ पासून मूळ नावाचे पॅकेज यंत्रावर सोर्समधून बांधले जाऊ लागले. ड्रायव्हरच्या कागदपत्रांतही प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर सोर्समधूनच बांधण्याचा सल्ला आहे. ओपनएसएसएल १.१.० च्या आधी थ्रेडांसाठीची लॉक वापरणाऱ्या प्रोग्रॅमने पुरवायची असत, आणि दोन लायब्ररी एकमेकींची लॉक काढून टाकत. २०१६ मधल्या १.१.० ने ती गरज संपवली, पण दोन वेगळ्या आवृत्त्यांची एकाच नावाची फंक्शने एकमेकींत मिसळण्याचा धोका त्यामुळे संपलेला नाही.

तपासणी सोपी आहे. प्रोसेस जिवंत असताना तिच्या 'प्रॉक' फोल्डरमधली 'मॅप्स' ही फाइल वाचा आणि त्यात ओपनएसएसएलची लिबएसएसएल ही फाइल किती वेगवेगळ्या मार्गांवरून आली आहे ते बघा. एक सिस्टिमच्या फोल्डरमधून आणि दुसरी पायथनच्या पॅकेजांच्या फोल्डरमधून, नावात मध्येच अक्षर-अंकांची लांब जुळणी असलेली, अशी दिसली तर बायनरी पॅकेज काढा, पोस्टग्रेसच्या विकासाच्या फाइली बसवा आणि ड्रायव्हर त्याच यंत्रावर बांधा. शंका दूर करण्यासाठी टीएलएस 'डिसेबल' करून एकदा जोडून पाहता येते: क्रॅश थांबला तर रोख बरोबर आहे. ही चाचणी फक्त त्याच यंत्रावरच्या किंवा चाचणीच्या सर्व्हरवर करावी आणि ती ओळ लगेच काढावी. टीएलएस बंद करणे हा उपाय म्हणून ठेवून दिलेला मी पाहिला आहे, आणि ग्राहकांची माहिती उघड्या तारेवरून पाठवण्याचे समर्थन कोणत्याही क्रॅशने होत नाही. लिनक्सवर क्रॅश नेमका कुठे झाला हे सिस्टिमडीच्या कोअरडंपसीटीएल या कमांडने मिळते; तिच्यातूनच जीडीबी हा डीबगर उघडतो आणि फंक्शनांची यादी दिसते.

विंडोजवर फोर्क नाही, त्यामुळे वरचे पहिले कारण तिथे नाही. बाकी विचार तोच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि तिथे १००० क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात एक्सेप्शनचा कोड आणि दोषी मॉड्यूलचा पूर्ण मार्ग असतो. कोड सी००००००५ असेल तर ते मेमरीचे उल्लंघन आहे. मार्ग मात्र कोडपेक्षाही जास्त सांगतो: लिबक्रिप्टो ही ओपनएसएसएलची फाइल पोस्टग्रेसच्या फोल्डरऐवजी भलत्याच प्रोग्रॅमच्या फोल्डरमधून आलेली दिसली, तर पाथ या व्हेरिएबलमधल्या क्रमामुळे चुकीची प्रत लोड झाली आहे. मॉड्यूल एमएसव्हीसीपी१४० (मायक्रोसॉफ्टची सी++ लायब्ररी) असेल आणि ते सिस्टिम फोल्डरऐवजी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमधून आलेले असेल, तर आणखी एक ठरावीक कारण तपासा. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.१० या आवृत्तीत म्युटेक्सची, म्हणजे थ्रेडांच्या लॉकची, रचना बदलली. तिने बांधलेला नवा ड्रायव्हर जुन्या एमएसव्हीसीपी१४० बरोबर चालला की पहिल्या लॉकपाशीच कोसळतो. जावाचे रनटाइम ही फाइल आपल्या बिन फोल्डरमध्ये घेऊन येते, त्यामुळे जावातून एखादा नेटिव्ह ड्रायव्हर लोड करणाऱ्यांना हे विशेष भेटते. उपाय म्हणजे जावाचे रनटाइम नव्या आवृत्तीचे बसवणे. ती एक फाइल हाताने बदलू नये. ओडीबीसी या डेटाबेस जोडणीच्या मानकातला ३२ आणि ६४ बिटचा घोळ मात्र यात धरू नका: तो प्रोग्रॅमला कोसळवत नाही, रचना जुळत नसल्याचा स्पष्ट एरर देतो.

हे सगळे करूनही क्रॅश राहिला तर ड्रायव्हरच्या विकसकांकडे तक्रार नोंदवावी, आणि ती अशी असावी की वाचणाऱ्याला पुन्हा काही विचारावे लागू नये. केवळ कनेक्ट होऊन बाहेर पडणारा, तरीही कोसळणारा, शक्य तितका छोटा प्रोग्रॅम द्या. सर्व्हरच्या आवृत्तीआधी लिबपीक्यूची आवृत्ती लिहा. ती सायकोपीजी२ च्या एक्स्टेन्शन्स मॉड्यूलमधल्या फंक्शनाने मिळते, आणि बहुतेक तक्रारींत नेमकी तीच नसते. ऑपरेटिंग सिस्टिम, पायथन आणि ओपनएसएसएल यांच्या आवृत्त्या, आणि कोसळलेल्या थ्रेडच्या फंक्शनांची यादी जोडा. कोअर डंपची मूळ फाइल मात्र कोणालाही पाठवू नका. ती प्रोसेसच्या सगळ्या मेमरीची प्रत असते, आणि कनेक्शनच्या क्षणी कोसळलेल्या प्रोसेसच्या मेमरीत डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत असण्याची शक्यता फार मोठी असते. अशी फाइल आधीच कुठे पाठवली गेली असेल तर तो पासवर्ड आजच बदला.